संबंधितांनी दखल घ्यावी

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण ज्याने प्रथम काढली, त्याच्या शेजारी कुत्रा नसला पाहिजे. असता, तर रात्री दीड वाजता त्याला साक्षात्कार झाला असता की, न भुंकता चावणारा कुत्रा परवडला. तो एकदा चावतो आणि जाऊन झोपतो. भुंकणारा स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही.

हे ज्ञान मला गेल्या वर्षी श्रावणात झाले. आमची इमारत पुण्यातली. जुनी, तीन मजली आणि लिफ्ट नसलेली. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि आमच्या डोक्यावर अण्णा. अण्णा म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, वय वर्षे ७२. त्यांच्या घरी वहिनी आणि मोती नावाचा एक पांढरा, केसाळ कुत्रा. हा मोती १३ वर्षांचा. म्हणजे कुत्र्यांच्या हिशेबाने तोही निवृत्तच. एवढ्या वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवलेला आम्हांला आठवत नाही. पोस्टमन दारात आला तरी एक डोळा उघडून तो पुन्हा मिटायचा.

श्रावणात वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेल्या आणि मोतीला कंठ फुटला. रात्री दीडला तो सुरुवात करी. प्रथम विलंबित लय. मिनिटाला एखादे भुंकणे. दोनच्या सुमारास द्रुत. मध्येच एक लांबलचक आलाप. साडेतीनला भैरवी व्हायची आणि तोपर्यंत आमच्या घरी सगळे श्रोते उठून बसलेले असायचे. आमची कन्या बारावीला. सौभाग्यवती बँकेत, तिला पहाटे पाचला उठून डबे करायचे असतात. ती रोज म्हणे, "अहो, एकदा वर जाऊन सांगा ना अण्णांना!" आणि मी रोज म्हणे, "सांगतो."

पण सांगायचे कसे? माझे वडील इस्पितळात होते तेव्हा हेच अण्णा दोन रात्री त्यांच्या उशाशी बसले होते. मुलीला त्यांनी एक पैसा न घेता व्याकरण शिकवले. अशा माणसाच्या दारात उभे राहून "तुमचा कुत्रा आवरा" असे म्हणायला जीभ रेटेना.

तेव्हा मी प्रथम आडवळणाने गेलो. सकाळी जिन्यात अण्णा भेटले, तेव्हा विचारले, "काय अण्णा, झोप वगैरे ठीक लागते ना?"

"उत्तम!" अण्णा म्हणाले. "एकदा पाठ टेकली की ब्रह्मानंदी टाळी. तुमचे डोळे का असे तांबारलेत? या वयात जागरणं बरी नव्हेत हं!"

आता यावर काय बोलणार? मी मनातल्या मनात भुंकलो आणि कचेरीत गेलो.

मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांना गाठले. त्यांनी सांगितले की, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि त्या वेळात निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. मला हुरूप आला. कन्येने लगेच मोबाइलवर आवाज मोजायची युक्ती केली. मोतीचा आवाज आमच्या खिडकीत ६८ भरला. पोरगी खोडकर, तिने पहाटे स्वयंपाकघरातला मिक्सरही मोजला. तो ८५ भरला. तिकडे मी अर्थातच लक्ष दिले नाही.

पण वकीलच पुढे म्हणाले, "दुसरी बाजूही ऐका. केंद्राच्या प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांना कळवलंय की, भुंकतो या कारणासाठी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. उलट १९६० च्या कायद्याप्रमाणे, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडवलं नाही तर मालकाचाच गुन्हा होतो. थोडक्यात, कायदा तुमच्याही बाजूने आहे आणि मोतीच्याही."

कायदा असा दोघांच्याही बाजूने असला की तो कुणाच्याच उपयोगी पडत नाही. तेव्हा मी चिठ्ठी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिले, 'आपला कुत्रा रात्री दीड ते साडेतीन भुंकतो, तो आवरावा.' ही म्हणाली, "फार उद्धट वाटतं." दुसऱ्यात लिहिले, 'आपल्या मोतीस रात्री काही होते काय?' ही म्हणाली, "हे खोचक आहे." शेवटी तीस वर्षांचा कचेरीतला अनुभव पणाला लावून मी तिसरा मसुदा केला : 'काही पाळीव प्राण्यांमुळे रहिवाशांना त्रास होत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी दखल घ्यावी.' कुत्र्याचे नाव नाही, मालकाचे नाही, वेळ नाही आणि सहीही नाही. मजकूर इतका सभ्य झाला होता की, त्यातून काहीही कळत नव्हते. रात्री अकराला चोरासारखा खाली जाऊन मी तो सूचनाफलकावर टाचून आलो.

मोतीच्या गाण्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो जिन्यात. जिना एकाएकी चकचकीत दिसू लागला. सकाळी दार उघडले की फिनेलचा वास यायचा. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणालो, "हल्ली जिना छान ठेवता हं!" त्यांनी विनयाने मान लववून ते श्रेय स्वीकारले.

इकडे सोसायटीच्या मोबाइलवरच्या गटात संताप उसळला होता. त्या गटात अण्णा नव्हते. त्यामुळे त्यांच्याविषयी सगळ्यांना मोकळेपणाने लिहिता येत होते. नवरात्र बसले आणि एक अर्ज तयार झाला : सदर कुत्रा इमारतीतून हलवावा. आठ जणांच्या सह्या झाल्या आणि तो कागद माझ्यापुढे आला. मी पेन उघडले. एवढ्यात सौभाग्यवती आतून म्हणाली, "सही करायची तर करा. पण आधी एकदा वर जाऊन या. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. राजगिऱ्याचे लाडू केलेत."

दुसऱ्या दिवशी कुणी पाहायच्या आत उरकावे म्हणून भल्या पहाटेच लाडूंची वाटी घेऊन मी निघालो. अर्ध्या जिन्यातच थबकलो. अण्णा लेंगा वर खोचून, बादली शेजारी ठेवून, ओणवे होऊन पायऱ्या पुसत होते.

"अण्णा, हे काय?"

त्यांनी दचकून वर पाहिले आणि हाताने थांबायची खूण केली. "जरा थांबा, कान लावून येतो."

ते आत गेले आणि कानातले यंत्र बसवत बाहेर आले. मी वाटी हातात धरून तसाच उभा होतो. दिवसा ते यंत्र आम्ही रोज पाहत होतो. पण रात्री ते टेबलावर असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते!

"फलकावर चिठ्ठी लागली ना," अण्णा सांगू लागले. "मोती आता म्हातारा झाला. वाटलं, जिन्यात कुठंतरी करत असेल. मला हल्ली वासही नीट येत नाही. म्हणून रोज सगळाच जिना पुसून घेतो. लोकांना त्रास नको."

"अण्णा," मी म्हणालो, "जिन्याचं काही नाही हो. मोती रात्री भुंकतो. दीडपासून साडेतीनपर्यंत."

अण्णा ओल्या पायरीवरच बसले. "रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"वहिनी गेल्यापासून."

"म्हणजे दोन महिने! अहो, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने मी म्हणालो, "ती चिठ्ठी मीच लावली होती."

"ते ठाऊक आहे मला," अण्णा शांतपणे म्हणाले. "या इमारतीत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक न करता लिहिणारे दोघेच आहेत. मी काही ती लिहिली नव्हती. म्हटलं, येतील सांगायला, नेमकं काय होतंय ते. आज येतील, उद्या येतील."

चिठ्ठी लावून त्या दिवशी अठरा दिवस झाले होते. अठरा दिवस हा गृहस्थ वाट पाहत जिना पुसत होता आणि मी खालून त्या जिन्याची तारीफ करत होतो.

संध्याकाळी आम्ही दोघे मोतीला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम कुठे दुखतखुपत नाही ना, हे पाहिले. मग म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणसासारखेच म्हाताऱ्या कुत्र्याचेही दिवसरात्रीचे गणित चुकते; अंधारात ते गोंधळते. त्यातून हा झोपायचा वहिनींच्या खाटेपाशी. त्या गेल्यावर तो रात्री दाराशी घुटमळू लागला, म्हणून अण्णांनी बिचाऱ्याला वारा लागावा म्हणून गॅलरीत गादी घातली होती! डॉक्टरांनी सांगितले : याला घरात घ्या, अण्णांच्या खाटेजवळ झोपवा, वहिनींची जुनी साडी खाली अंथरा, एक मंद दिवा ठेवा. निजण्यापूर्वी एक फेरी मारून आणा. भुंकला तर ओरडू नका. त्याला वाटते, तुम्हीही साथ करताय. गप्प राहिला की पाठ थोपटा. दिवाळीत तर अधिकच जपा. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचा. तेव्हा फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि खिडक्या लावून घ्या.

पंधरा दिवसांत दोन तासांचे गाणे दहा मिनिटांवर आले. अर्जाच्या सह्यांपैकी सात जणांनी "आम्हांला कुठं ठाऊक होतं!" असे म्हणून आपले नाव खोडले. आठव्यांनी खोडले नाही. पण तेही आता रात्री अण्णांच्या दारापुढून चढताना मोतीला हाक मारतात.

मी मात्र इतके दिवस ज्याला माझा सभ्यपणा समजत होतो, त्याचा हिशेब मांडून पाहिला. त्यात अण्णांची भीड थोडी होती आणि माझा भित्रेपणा पुष्कळ होता. तोंडावर दोन शब्द बोललो असतो तर पाच मिनिटे अवघड गेली असती. न बोलल्यामुळे एका म्हाताऱ्याचे घर आम्ही जवळजवळ मोडत आणले होते.

हे सारे मी परतताना रिक्षात अण्णांना बोलूनही दाखवले. अण्णा मोतीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आता तुम्ही एवढं मोकळेपणानं बोलताय, तर मीही एक सांगू? रागावू नका. तुमचा पहाटे साडेपाचचा मिक्सर थेट आपल्या उशीखाली फिरतो, असं ही सहा वर्षं म्हणते आहे. मला काय, ऐकू येत नाही. पण तिला येतं ना!"

सहा वर्षे! आणि सहाच्या आत म्हणजे नियमाप्रमाणे रात्रच की हो! त्या दिवसापासून आमची चटणी आदल्या संध्याकाळी वाटली जाते.

गेल्या दिवाळीत वहिनी परत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांना आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती. ते दोन तास मोतीने आमच्या आतल्या खोलीत, कन्येच्या पुस्तकांमध्ये डोके खुपसून काढले. परवा मात्र चकलीच्या गडबडीत हिने पहाटेच मिक्सर लावला. तासाभराने दाराखालून एक कागद आत सरकला : 'पहाटेचे यंत्र पुन्हा सुरू झाल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी दखल घ्यावी.' भाषा हुबेहूब माझीच. फक्त खाली अण्णांची ठसठशीत, वळणदार सही होती.

मी चकल्यांचा पहिला घाणा डब्यात भरला आणि वर निघालो.