बंदूक आढ्याला, दोरी गार्डाच्या हाती



मागच्या महिन्यात वनहक्क दाव्यांच्या मीटिंगला शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवरून लोक आले होते. जेवणाच्या आधी एक तरुण पोरगा उभा राहिला नि बोलला, "दादा, अर्ज करून करून हात दुखले. रात्री डुकरा येतात नि वरई-नाचणी उलथून जातात. दिवसा फॉरेस्टवाला येतो नि दम देतो. आपण घराघरात एकेक ठासणीची बंदूक केली तर डुकरा पण येणार नाय नि फॉरेस्टवाला पण येणार नाय." लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूला बसलेला एक जण हळूच बोलला, "करता येते घरच्या घरी, मी बघितली हाय."

मी तेव्हा गप्प बसलो. ही गोष्ट दोन वाक्यांत सांगायची नव्हती. आज लिहून सांगतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा, खास करून घरातल्या बायांना.

त्या पोराचा राग खरा आहे, हे पहिलं मान्य करतो. भाताला दाणा भरला की महिनाभर आपण माळ्यावर झोपतो. पत्र्याचा डबा बडवतो, गोफण फिरवतो, शेकोटी करतो. पहाटे जरा डोळा लागला की तेवढ्यात डुकरांचा कळप अर्धा प्लॉट नांगरून जातो. डुक्कर मारलं तर ते कायद्याने सरकारचं. त्याने पीक खाल्लं तर मात्र ते कुणाचंच नाही. हा न्याय कुठला?

बंदुकीचा इतिहासही आपल्या बाजूने बोलतो. इंग्रज सरकारने 1878 या एकाच साली दोन कायदे केले. एक जंगलाचा, एक हत्याराचा. एकाने रान राखीव करायला घेतलं, दुसऱ्याने परवान्याशिवाय हत्यार ठेवणं गुन्हा केला. गोऱ्या साहेबाला हत्याराच्या कायद्यातून सूट होती. शिकार साहेबाची, हाका घालायला आपली माणसं. पुढे जंगलाचा कायदा 1927 साली नव्याने लिहिला, हत्याराचा 1959 साली. साहेब गेला तरी दोन्ही कायदे राहिले.

मग तुम्ही विचाराल, आपल्या हातात हत्यार नसावं ही जर सरकारचीच इच्छा, तर संघटनेचा कार्यकर्ता पण तेच कशाला सांगतो? सांगतो. सरकारच्या बाजूने नाही, प्लॉटच्या बाजूने सांगतो.

माझा एक चुलतभाऊ आहे. त्याने स्वतः सांगितलं, "माझं नाव लिहू नको, पण गोष्ट लिही." चार वर्षांपूर्वी त्याने एकाकडून घरी केलेली ठासणीची बंदूक घेतली. दोन-तीन वेळा बार काढला. एकही डुक्कर मेलं नाही. मग ती पेंढ्यात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवली. गावात अशी गोष्ट लपते का? गार्डाला कळली. गार्डाने बंदूक धरली नाही, केस पण केली नाही. तो फक्त घरी येऊन आढ्याकडे बघून हसला. तेव्हापासून कोंबडी मागितली की कोंबडी. रोपं लावायला फुकट माणूस पाहिजे, तर माझा भाऊ. संघटनेच्या मोर्च्याला निघाला की निरोप यायचा, "जरा घराकडे बघा." भाऊ घरी बसायचा.

इथपर्यंत पण एक वेळ चाललं असतं. या साली त्याच्या दाव्याची मोजणी झाली. बाप-आज्यापासून कसतो ती जमीन तीन एकराच्या वर आहे. मोजणीला तोच गार्ड. दोन बांधांच्या आतलीच जमीन धरली, वरची वरकस सोडून दिली. समितीच्या लोकांनी विचारलं, "एवढीच का?" वहिनी बांधावर उभी होती. ती बोलायला तोंड उघडते तोच भावाने तिला डोळ्यांनी दटावलं आणि मान हलवली, "एवढीच." कागदावर दीड एकर चढली.

म्हणून म्हणतो, बंदूक आढ्याला होती, पण तिची दोरी गार्डाच्या हातात होती. ज्या घरात चोरून ठेवलेली बंदूक आहे, त्या घरातला माणूस फॉरेस्टवाल्यासमोर ताठ उभा राहू शकत नाही. तो पोरगा बोलला की बंदूक असली तर फॉरेस्टवाला येणार नाही. उलटं आहे. बंदूक असली की तो रोज येतो.

आता ही बंदूक कुणाच्या कामाची ते बघा. सुट्टीच्या रात्री जीपगाड्या येतात. फार्महाऊसवाले, त्यांचे दोस्त. बॅटरीचा झोत त्यांचा, दारू पण त्यांची, ठासायची पण आणि प्यायची पण. बंदूक धरायला नि रान दाखवायला आपला पोरगा. मटण गाडीत जातं. पोराला खूर-मुंडी आणि शंभराची नोट. धाड पडली की गाडी सुटते, नि बंदुकीसकट सापडतो तो पोरगा. पेपरात काय छापून येतं? "आदिवासी शिकारी पकडला." साहेबाच्या काळात आपण हाकारे होतो. आता आरोपी झालो. एवढीच बढती.

ठासणीचं काम पण नीट समजून घ्या. कारखान्यात बंदुकीची नळी जादा दारू भरून तपासतात, ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. घरी केलेल्या नळीची तपासणी पहिल्या बाराला होते, आणि ती आपल्या गालाला लावून होते. शेजारच्या एका पाड्यावर नळी फुटून एकाचा डोळा गेला, दोन बोटं गेली. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होणार, म्हणून घरच्यांनी रात्रभर पाला बांधून ठेवला. सकाळी नेलं तोवर उशीर झाला होता. डुक्कर अजून फिरतंय.

कायदा काय म्हणतो ते पण लपवत नाही. परवान्याशिवाय बंदूक बनवली तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसती घरात सापडली तरी दोन ते पाच वर्षं. त्यावर शिकारीची कलमं वेगळी, आणि तानसा अभयारण्याच्या हद्दीत असलात तर ती अजून कडक. वनहक्क कायद्याने आपल्याला जमीन, गौण वनोपज, चराई, मासे हे हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क कलम 3 मध्ये स्पष्ट शब्दांत वगळला. तेव्हा "आता कायदा आपला झाला, शिकार चालते" असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला खड्ड्यात घालतोय.

बंदुकीची केस झाली म्हणून दावा रद्द होतो असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कुणी तसा दम दिला तर घाबरू नका. पण माणूस आत गेला तर मोजणीला कोण उभा राहणार? वकिलाला बैल विकून पैसे देणार, मग आवणीला नांगर कोण धरणार? दावा कागदावर राहतो, पण जमीन पडीक पडते, आणि पडीक जमिनीवर फॉरेस्टचा खड्डा नि रोप यायला वेळ लागत नाही.

एक गंमत बघा. आपल्या बाप-आज्यांनी प्लॉट कसला म्हणून फॉरेस्टने त्यांना दंड केला, केसेस घातल्या. त्या वेळी ती बेइज्जती वाटली. आज तीच दंडाची पावती, तोच कोर्टाचा कागद आपला पुरावा आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण इथे कसतो हे फॉरेस्टच्याच शिक्क्याने सिद्ध होतं. जमिनीसाठी खाल्लेली केस नातवाच्या कामाला येते. बंदुकीची केस कुणाच्या कामाला येणार?

कुणी म्हणेल, राघोजी भांगऱ्याकडे हत्यार होतं. होतं. सावकार आणि इंग्रज दोघांना त्याने घाम फोडला. पण तो टिकला तो डोंगरातल्या गावांनी त्याला पोटात घेतलं म्हणून. पकडला गेला तो डोंगर सोडून पंढरपूरला गेल्यावर, आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. त्याच्या हत्याराची आठवण काढणाऱ्याने त्याच्या गावांची पण आठवण काढावी.

आणि आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले वारली आठवा. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, पाच माणसं मेली. बंदुका सरकारकडे होत्या. वारल्यांनी काय केलं? गवत कापायला नकार दिला. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा लावणार नाही म्हणून बसले. त्यांची ताकद त्या बसण्यात होती.

मग डुकरांचं काय करायचं? नुसतं "बंदूक नको" सांगून मी सुटणार नाही. मला जमतं ते सांगतो.

एक. पीक खाल्लं की त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांच्या आत, फॉरेस्टकडे भरपाईचा लेखी अर्ज द्या आणि पंचनामा मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, पाड्याचे चाळीस अर्ज जात नाहीत. त्या पंचनाम्यात फॉरेस्टवाला स्वतः लिहितो की इथे अमुक माणसाचं पीक उभं होतं. तो कागद जपून ठेवा.

दोन. वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्त करायला लेखी परवानगी देण्याची सोय आहे. ग्रामसभेचा ठराव करा आणि ती मागा. नाकारली तर कारण लेखी मागा.

तीन. 1959 च्या हत्यार कायद्यातच, कलम 13 मध्ये, पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. वाचून दचकलात ना? पण त्या अर्जात विचारतात, जमीन कुठे आणि किती कसता? बागायतदार सातबारा पुढे करतो. आपण काय पुढे करणार? म्हणजे बंदुकीचा रस्ता पण पट्ट्यावरूनच जातो. आधी पट्टा घ्या, नवरा-बायको दोघांच्या नावाचा. मग ज्याला खरंच गरज आहे त्याने उघड्यावर परवाना मागावा. संघटना मागे उभी राहील.

चार. ज्याच्या घरात आधीच वस्तू आहे त्याने नवीन काही करू नये, दुसऱ्याची सांभाळायला घेऊ नये, जीपवाल्याबरोबर जाऊ नये. संघटनेत येऊन सांगावं. वकिलाला विचारून पुढचं ठरवू. लाज धरू नका, गार्डाला कळण्याआधी आम्हाला कळू द्या.

पाच. राखण गटाने करा. पाच प्लॉट मिळून एक माळा, पाळीने झोप.

माझ्या भावाचं सांगून थांबतो. गेल्या आठवड्यात त्याने पाड्याच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. घाम फुटला होता, पण बोलला. ग्रामसभेचा ठराव त्याच दीड एकराचा झालेला आहे. ठरावाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. त्यातले वीस दिवस गेले. अर्ज लिहून झालाय, वहिनीने पहिला अंगठा उठवला, मग भावाने सही केली. फेरमोजणीच्या दिवशी आपल्याला वरच्या वरकस जमिनीवर पन्नास माणसं तरी पाहिजेत.

त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्ही पण या. हात रिकामे घेऊन या.