विश्लेषण : पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचा चासी क्रमांक कुठे शोधायचा? ‘व्हिंटेज’ नोंदणीत त्याला इतके महत्त्व का?

शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायचे अनेकांच्या मनात असते. इंजिन दुरुस्त होते, रंगही देता येतो. घोडे अडते ते कागदांवर. आणि कागदांची सारी मदार असते गाडीच्या अंगावर ठोकलेल्या क्रमांकावर.

नियम काय आहे?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ते लागू आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध असते. पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये लागतात. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापरासाठी नाही; रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते.

क्रमांक नेमका कुठे असतो?

आजच्या गाड्यांना १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. ही पद्धत अमेरिकेत १९८१ पासून सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. फोक्सवॅगन बीटलचा क्रमांक मागच्या सीटखाली मधल्या उंचवट्यावर, तर दुसऱ्या महायुद्धातील जीपचा पुढच्या बाजूला डाव्या फ्रेमवर सापडतो. फोर्ड मॉडेल टीमध्ये इंजिनावरचा क्रमांक हीच गाडीची ओळख होती. इतर गाड्यांत बॉनेटखालचा पत्रा, दाराचा खांब आणि फ्रेम तपासावी.

पट्टी आणि ठोकलेला क्रमांक यात फरक काय?

रिव्हेट मारलेली पट्टी काढून दुसऱ्या गाडीवर बसवता येते. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक असा हलवता येत नाही. त्यामुळे पट्टी सापडली तरी शोध थांबवू नये.

क्रमांक दिसतच नसेल तर?

रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रशने ग्रीस काढा, टॉर्च तिरका धरा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग मात्र नको. क्रमांक ठोकताना खालचा धातूही दाबला जातो. त्यामुळे पुसलेले आकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळा रसायनांनी पुन्हा उठवू शकते. घासून तो थरच गेला, तर हा मार्गही बंद होतो.

आरसी बुकाशी जुळला नाही तर?

आधी एकेक अक्षर ताडून पाहा. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदींत शून्य आणि ‘ओ’, पाच आणि ‘एस’ यांची गल्लत होऊ शकते. इंजिन बदलले असेल, तर त्याची आरसीवर नोंद हवी. आरसी हरवली असल्यास जुनी विमा पॉलिसी, कराच्या पावत्या शोधा. परदेशी गाडी असेल तर आयातीची कागदपत्रेही. क्रमांक स्वतः पुन्हा ठोकून घेऊ नका. हेतू प्रामाणिक असला, तरी चोरीच्या गाडीचा संशय येतो.

थोडक्यात, गाडी रंगाऱ्याकडे देण्याआधी क्रमांकाचा फोटो आणि छाप घ्या. विकत घेणार असाल, तर बयाणा देण्याआधी.