मैदानात चालतो, मग खुर्चीत का नाही?



फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव पेपरात येते. गोल अडविणाऱ्या बचावपटूची आठवण मात्र तो चुकला तरच होते. गिरणीत, गोदीत, सफाई खात्यात राबणाऱ्या आपल्या माणसांना हा न्याय चांगलाच ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही ख्रिस ह्यूटन या बचावपटूची हकीकत सांगणार आहोत.

ह्यूटनचा जन्म १९५८ साली पूर्व लंडनमधील फॉरेस्ट गेट येथे झाला. वडील आफ्रिकेतील घाना देशाचे, आई आयर्लंडची. टॉटनहॅम हॉटस्पर या नामांकित क्लबाचे दार उघडले, तरी या मुलाने लिफ्टच्या कामाची उमेदवारी सोडली नाही. आधी पोटापाण्याचे कसब हाती घेतले आणि १९७९ साली पूर्णवेळ खेळाडू झाला. टॉटनहॅमबरोबर त्याने १९८१ आणि १९८२ चा एफ. ए. कप व १९८४ चा युएफा कप जिंकला. आईच्या देशाकडून तो ५३ सामने खेळला. आयर्लंडच्या संघातील तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९८८ च्या युरोपियन स्पर्धेत आयर्लंडने बलाढ्य इंग्लंडला १-० ने हरविले, तेव्हा बचाव फळीत तो होता.

तो काळ मोठा वाईट होता. काळा खेळाडू दिसला की प्रेक्षक माकडाचे आवाज काढीत, केळी फेकीत. अशा मैदानावर टिकून राहणे हीच एक लढाई होती. ह्यूटन केवळ खेळत राहिला नाही. 'न्यूज लाइन' या डाव्या कामगार पक्षाच्या पत्रात त्याने सदरही लिहिले.

खेळ संपल्यावर १९९३ पासून २००७ पर्यंत, चौदा वर्षे, तो टॉटनहॅममध्ये प्रशिक्षक होता. मॅनेजर आले आणि गेले, ह्यूटन मात्र कायम मदतनीस. तिकडे मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरविणारा, निर्णयाचा धनी. ती खुर्ची त्याला कायमची मिळाली २००९ साली, न्यूकॅसल क्लबात, वयाच्या पन्नाशीत. तेव्हा क्लब खालच्या श्रेणीत घसरलेला होता. ह्यूटनने एकाच हंगामात १०२ गुण मिळवून त्याला २०१० साली वर आणले. घरच्या मैदानावर लीगचा एकही सामना संघ हरला नाही. तरीही त्याच वर्षी डिसेंबरात, संघ अकराव्या स्थानावर असताना, त्याला काढून टाकण्यात आले. कारण काय दिले? अधिक अनुभवी मॅनेजर हवा!

मॅनेजर तर सगळेच काढले जातात, हे आम्हालाही कळते. पण खुर्चीच उशिरा द्यायची आणि मग अनुभव कमी म्हणायचे, हे गणित आपल्याला नवे नाही. आज इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये काळे खेळाडू मोठ्या संख्येने आहेत, मॅनेजर मात्र बोटावर मोजण्याइतके. पाय चालतात, डोके चालत नाही, असाच याचा अर्थ!

ह्यूटन खचला नाही. २०१४ च्या अखेरीस ब्रायटन क्लब हाती घेऊन २०१७ साली त्याने तो ३४ वर्षांनंतर सर्वोच्च श्रेणीत नेला व पुढील दोन्ही हंगाम तेथे टिकवला. २०१९ मध्ये तेथूनही त्याला जावे लागले. २०२३ साली वडिलांच्या घाना देशाने त्याला राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक केले. तेथे यश आले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ते पदही गेले.

बाबासाहेब माऱ्याच्या जागा हस्तगत करायला सांगत, ते याचसाठी. नोकरी मिळाली, संघात जागा मिळाली, एवढ्याने काम भागत नाही. निवड करणाऱ्याच्या खुर्चीत आपला माणूस बसला पाहिजे. म्हणून आईबापांनो, मुलगा असो वा मुलगी, खेळू द्या. हाताला एखादे कसब लावा. खेळ सुटेल तेव्हा घरी न बसता प्रशिक्षकाचे शिक्षण घ्यायला सांगा. शिट्टी आपल्या लेकराच्या गळ्यात आली, तर मागच्या बाकावर बसलेल्या पोराकडेही तिचे लक्ष जाईल.