रोल नको, टमरेल द्या!

मार्च २०२० आठवतोय? अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटमधले टॉयलेट पेपर संपले होते. लोक ट्रॉल्या भरभरून रोल घरी नेत होते, काही ठिकाणी त्यावरून भांडणंही झाली. आणि इकडे आपल्या फॅमिली ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडत होता. ‘आमच्याकडे नळ आहे’, ‘भारतीय संस्कृती महान’ वगैरे. मीही हसले होते, दोन-चार मीम्स फॉरवर्डही केले होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, पूर्ण शुद्धीत असताना, मी आमच्या कॉलेजच्या फेस्टसाठी सहा पोर्टेबल टॉयलेट्स मागवली. बिनपाण्याची. प्रत्येकात एक-एक पांढराशुभ्र रोल टांगलेला.

कसं झालं ते सांगते. मी हॉस्पिटॅलिटी टीममध्ये होते. फेस्टचं बजेट एका एक्सेल शीटमध्ये होतं. स्टेज, साउंड, एलईडी वॉल, प्रोनाइटचा आर्टिस्ट, त्याची हॉटेलची रूम, त्याच्या व्हॅनिटीतलं ठरावीक ब्रँडचं पाणी, सगळ्याला स्वतंत्र रांग. टॉयलेट कुठे? सगळ्यात खाली, ‘इतर’ या रांगेत, सेलोटेप आणि सेफ्टी पिनांच्या सोबत. फेस्टच्या आदल्या संध्याकाळी कुणाला तरी आठवलं, की कॉलेजच्या बिल्डिंगला कुलूप असणार आणि ग्राउंडवर काहीच सोय नाही. मी फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, ‘पाणीवाली पाहिजेत की बिनपाण्याची?’ बिनपाण्याची स्वस्त होती. शिवाय ‘मॅडम, इंटरनॅशनल इव्हेंटला हीच असतात’ असं ऐकल्यावर मला उगाचच भारी वाटलं. तीन मुलांसाठी, तीन मुलींसाठी. समानता! मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मुलींच्या बाजूची रांग फूड स्टॉलपर्यंत पोचली. मुलांच्या बाजूला दोघं-तिघं उभे. संध्याकाळी ग्रुप डान्स संपल्यावर साताऱ्याहून आलेली एक मुलगी विंगेतच खाली बसली. चक्कर आली होती. आम्ही धावपळ करून ओआरएस आणलं, पंखा धरला. ‘सकाळपासून काही खाल्लं नाहीस का?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘खाल्लंय ताई. पाणी नाही प्यायले. तिथे आत पाणी नाहीये ना, म्हणून मी पाणी प्यायलेच नाही.’

हे वाक्य मला अजूनही पाठ आहे. तिने तक्रार केली नव्हती. तिच्यासाठी ते नेहमीचंच गणित होतं. एसटीचा लांबचा प्रवास, परीक्षेचं सेंटर, ट्रेक, लग्नाचा हॉल, सगळीकडे मुली हेच करतात. पाणी कमी प्या म्हणजे जावं लागणार नाही. डॉक्टर सांगतात, पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं यामुळे युरिन इन्फेक्शनचा धोका वाढतो. हे आपल्या प्रत्येकीला माहीत असतं. तरीही बाटलीचं झाकण आपण उघडत नाही, कारण पुढचं दार कसं असेल याची खात्री नसते.

आता त्या रोलविषयी. मला टॉयलेट पेपरची टिंगल करायची नाहीये. अमेरिकेत १८५७ पासून तो खास याच कामासाठी विकला जातोय, तिथल्या पिढ्या त्याच सवयीने वाढल्या. त्यांना त्यात अवघड वाटत नाही. आपल्याकडे सवय पाण्याची. कुणाच्या घरी ते धर्माच्या शिस्तीचा भाग आहे, कुणाच्या घरी आजीने लावलेलं वळण. पूर्वी टमरेल होतं, मग प्लास्टिकचा मग आला, आता जेट स्प्रे आला. भांडं बदललं, पाणी तेच राहिलं. तुमच्या वर्गातल्या कितीजणांच्या घरी बाथरूममध्ये रोल आहे? माझ्या घरी नाही. माझ्या कोअर टीममधल्या एकाच्याही घरी नव्हता. तरी आम्ही दोन हजार लोकांसाठी रोल टांगला आणि स्वतः मात्र गेटबाहेरच्या हॉटेलात जाऊन आलो. याला इंटरनॅशनल म्हणत नाहीत. याला दुसऱ्यांचा विचार न करणं म्हणतात.

आणि लोकांनी त्या रोलचं काय केलं? काहीच नाही. प्रत्येकाने आपापलं टमरेल शोधलं. म्हणजे बिसलेरीची बाटली. बाटली आत न्यायची, वापरायची. मग ती ठेवायची कुठे? डस्टबिन नाही. हातात धरून बाहेर यायला लाज वाटते. मग सरळ खालच्या टाकीत. सॅनिटरी पॅडचंही तेच झालं.

पोर्टेबल टॉयलेट चालतं कसं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. प्लास्टिकची केबिन, तिच्या खाली टाकी. बिनपाण्याच्या प्रकारात टाकीत वास मारणारं निळं केमिकल असतं, फ्लश नसतोच. टाकी भरली की सक्शनची गाडी येते आणि जाड पाइपने सगळं ओढून नेते. फेस्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्राउंडवर हिशेब मिटवायला गेले, तेव्हा गाडीवाले दादा तोंडाला रुमाल बांधून, लोखंडी आकड्याने टाकीतून एकेक बाटली बाहेर काढत होते. हातात ग्लोव्ह्ज नव्हते. मला बघून ते म्हणाले, ‘ताई, कागद एक वेळ ओढला जातो. बाटली नाही ओढली जात, पाइप चोक होतो.’ एवढंच. ना राग, ना काही.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्याच सेमिस्टरला मी या विषयावर प्रेझेंटेशन दिलं होतं आणि मार्कही चांगले मिळाले होते. आम्ही व्हॉलंटियर्सना टी-शर्ट दिले, सर्टिफिकेट दिलं, रात्रीचं जेवण दिलं. त्या दादांना ग्लोव्ह्ज द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. वेंडरने द्यायला हवे होते, हे बरोबरच. पण त्या बाटल्या टाकीत जायची सोय मी केली होती.

नंतर मी कागद-पेन घेऊन बसले. ग्राउंडवर साधारण आठशे मुली होत्या असं धरू. ओढणी, बॅग, डान्सचा कॉस्च्युम सांभाळत एकीला तीन मिनिटं लागतात. म्हणजे एका टॉयलेटमध्ये तासाला वीसजणी. तीन टॉयलेट्स, सहा तास, एकूण तीनशे साठ. तेही रांग एक सेकंद न थांबता सरकत राहिली तर. म्हणजे दिवसभरात एकदाच जायचं म्हटलं, तरी निम्म्याहून जास्त मुलींचा नंबर लागणारच नव्हता. प्रत्येकीला एकदा जाता यावं यासाठी किमान सात लागतात, दोनदा जायचं तर चौदा. शिवाय ब्रेकमध्ये सगळ्या एकदम येतात, ते वेगळंच. तीन-तीन अशी सारखी वाटणी कागदावर छान दिसते, पण मुलांचं काम पटकन होतं, त्यांच्यासाठी युरिनल्स लावता येतात. सारखी संख्या म्हणजे सारखी सोय नव्हे. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल. आम्ही केलंच नाही, कारण ते कुणाचं कामच नव्हतं.

‘आपल्याकडे हे शक्य नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आषाढी वारी दाखवा. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत लाखो लोक पायी चालतात. पूर्वी वारकरी बायकांना पहाटेच्या अंधारातच, आडोसा शोधत, सगळं उरकावं लागायचं. ‘निर्मल वारी’सारख्या उपक्रमांनंतर पालख्यांच्या मुक्कामावर फिरती शौचालयं उभी राहू लागली, पाण्याचे टँकर आणि स्वयंसेवक आले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी दादरला शिवाजी पार्कवर महापालिका फिरती शौचालयं लावते. सगळं छान असतं असा माझा दावा नाही, तक्रारी तिथेही होतात. पण तिथे माणूस येणार म्हणजे त्याला पाणी लागणार, इथपासून विचार सुरू होतो. आमच्यासारखा रोलपाशी थांबत नाही. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा प्रश्न साधाच होता: सार्वजनिक मुतारीत पुरुषांना फुकट, मग बायकांकडून पैसे का? तेव्हाही लोक नावाला हसले होते. हसण्यावारी नेलं की उत्तर द्यावं लागत नाही.

वेंडरची बाजूही ऐकली पाहिजे. मी नंतर विचारलं, तेव्हा एकजण म्हणाला, की पाणी दिलं की लोक फरशी चिखल करतात आणि टाकी लवकर भरते. खरंय. टाकी समजा दोनशे लिटरची आहे आणि माणशी दोन लिटर धरले, तर शंभर लोकांत ती भरली. तासाला वीस या हिशेबाने पाच तासांत काम तमाम. पण याचा अर्थ पाणी देऊ नका असा होत नाही. याचा अर्थ, दुपारी एकदा सक्शनची गाडी बोलवा, असा होतो. त्याला पैसे लागतात? लागतात. एलईडी वॉल दोन फुटांनी लहान करा.

पुढच्या काही महिन्यांत कॉलेजांचे फेस्ट सुरू होतील. तुमच्यापैकी कुणीतरी त्या शीटवर बसलेलं असेल. त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून काढलेली ही छोटी यादी:

टॉयलेटला ‘इतर’मधून बाहेर काढा, स्वतःची रांग द्या आणि एका माणसाचं नाव त्यासमोर लिहा.

पाणीवालीच मागवा. बाहेर एक पिंप आणि आत एक मग, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. रोलही ठेवा, ज्याला हवा तो वापरेल. हात धुवायला साबण विसरू नका.

प्रत्येक केबिनमध्ये झाकणाचं डस्टबिन आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. पॅड टाकीत जाणार नाहीत. (आमच्या पेपरचेही चालतील, राग नाही.)

मुलींसाठी जास्त टॉयलेट्स आणि रात्री दारापर्यंत लाइट. केबिनला उंच पायरी असते, म्हणून एक तरी रॅम्पवालं मागवा.

आणि साफ करणाऱ्या माणसाला ग्लोव्ह्ज, बूट, मास्क मिळालेत का, हे वेंडरला ऑर्डर देतानाच विचारा. त्यांच्या जेवणाचं कूपन व्हॉलंटियर्सच्या यादीत घाला.

आपल्याच मातीतली एक गोष्ट शाळेत शिकून आपण विसरलोय. गाडगेबाबा ज्या गावात जायचे, तिथे दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी झाडलोट, मग कार्यक्रम. आम्ही कार्यक्रम आधी केला आणि झाडलोट दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुणावर तरी सोडली.

मागच्या आठवड्यात ज्युनिअर्सचा फोन आला होता, ‘ताई, यंदाच्या फेस्टची बातमी लावशील ना?’ मी विचारलं, ‘टॉयलेट किती सांगितलीत? पाणी आहे ना?’ पलीकडे शांतता. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग परत शांतता. शेवटी एकजण म्हणाली, ‘थांब, शीट उघडते.’

तुमच्याही पहिल्या मीटिंगला हा प्रश्न विचारा. लोक हसतील, हसू द्या. पण मीटिंग संपायच्या आत शीटमध्ये ती रांग टाकून घ्या.