बांधलेल्या इंजिनाला ओझे हवे

इंजिन नव्याने बांधून दिल्यावर दोन-तीन महिन्यांतच गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते आणि ग्राहक चिडून परत येतो, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून वारंवार येत असून बहुतेक पत्रलेखक दोष रिंगांच्या किंवा बोअरिंगवाल्याच्या माथी मारून मोकळे होतात. मात्र त्याच पत्रांत इंजिन रात्रभर स्लोवर चालू ठेवल्याचा आणि ‘हजार किलोमीटरपर्यंत 40 च्या वर जाऊ नये’ अशी ताकीद दिल्याचा उल्लेख असतो. दोषाचे मूळ बहुधा तेथेच असते.

रिंग लाइनरवर दाबली जाते ती स्वतःच्या ताणाने थोडी आणि जळत्या वायूच्या दाबाने पुष्कळ, कारण हा वायू पिस्टनच्या खाचेत वरच्या रिंगेमागे शिरून तिला बाहेर रेटतो. होनिंगने पाडलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांचे कंगोरे या दाबाखाली झिजून रिंग व लाइनर एकमेकांशी जुळतात, यालाच रिंगा बसणे म्हणतात. ओझ्याविना चालणाऱ्या इंजिनात हा दाब तोकडा पडतो, ऑइल मात्र लाइनरवर पोहोचत राहते आणि रेघांत जळून काचेसारखा गुळगुळीत थर धरते. हे ग्लेझिंग एकदा झाले की हेड उतरवून पुन्हा होनिंग करणे व नव्या रिंगा घालणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि गॅस्केट-सेटचा व मजुरीचा खर्च कोणी सोसायचा यावरून गॅरेजच्या दारात भांडण जुंपते.

बेअरिंगांच्या काळजीने गाडी हळू चालवण्यातही अर्थ नाही. त्यांना झिजून बसायचे नसते, ऑइलचा पातळ पदर हवा असतो. ॲम्बॅसेडरसारख्या, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असलेल्या जुन्या इंजिनांत तर स्लो अधिकच घातक, कारण कॅम व टॅपेट यांना मिळणारे ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडवणीचे असते. म्हणून नवा कॅम घातल्यास पहिली 20 मिनिटे इंजिन सुमारे 2000 फेऱ्यांवर ठेवावे लागते. हे ठाऊक असूनही ट्रायलचे इंधन आणि एक सकाळ वाचवण्यासाठी काम अर्धवट सोडणे, हा कारागिरीला लागलेला बट्टा आहे.

कारागिरांनी ही सवय आजच सोडावी. प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवावे, ऑइल प्रेशर दिसल्यावरच ते चालू करावे, आणि गळती व तापमान तपासून, इंजिन गरम होताच गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये 40 पासून 70 पर्यंत जोमाने वेग घ्यावा, मग एक्सिलेटर सोडून गिअरमध्येच तो उतरू द्यावा, आणि असे दहा-बारा वेळा करावे. मात्र इंजिन तापू देऊ नये व फेऱ्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊ नयेत. पहिले ऑइल शंभरेक किलोमीटरांनंतर फिल्टरसह बदलून तो फिल्टर कापावा आणि आतला कागद उजेडात पसरून पाहावा: करड्या रंगाची बारीक भुकटी अपेक्षितच असते, पण तांबूस चकाकी दिसली, तर बेअरिंग उघडून पाहिल्याखेरीज गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नये.