गृहपाठाच्या वेळी शेजारी कोण बसते?

आठवीच्या गणितात चलन नावाचे एक प्रकरण असते, आणि १५ मजूर एक विहीर ८ दिवसांत खोदत असतील तर तीच विहीर खोदण्यास १२ मजुरांना किती दिवस लागतील, अशा धाटणीची उदाहरणे त्यात येतात. माझ्या भाचीने असे एक उदाहरण परवा सोडवले ते येणेप्रमाणे: पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र घेऊन ते मोबाईलवरील एका साधनास दिले, पडद्यावर निमिषार्धात उमटलेल्या पाच ओळी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवल्या, शेवटच्या ओळीतील '१० दिवस' या उत्तराभोवती पट्टीने चौकट आखली आणि वही मिटली. रीत निर्दोष होती, उत्तर अचूक होते. मी तिला इतकेच विचारले की, मजूर कमी झाले तर दिवस वाढतील की कमी होतील? "कमीच होतील ना, मामा," ती तत्काळ म्हणाली. आणि आपल्याच वहीतील उत्तर आपल्या बोलण्याच्या विरुद्ध साक्ष देत आहे, याची तिला यत्किंचितही जाणीव नव्हती.

मुलास महाजालावर अभ्यासाचे साहाय्य शोधून देणे हे आजच्या पालकाचे कर्तव्य आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ज्या घरातून पहिलीच पिढी शाळेत जात आहे, शिकवणीची फी भरण्याची ज्यांची ऐपत नाही, आणि अडलेले सांगावयास ज्यांच्या आळीत कोणी शिकलेला माणूस राहत नाही, अशा घरातील मुलास जे साहाय्य यापूर्वी कधीच उपलब्ध नव्हते ते आज हाताशी आले आहे. त्याकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार ज्यांना सर्व काही घरातच मिळाले त्यांना तर नाहीच नाही. परंतु साहाय्य शोधून देणे निराळे आणि मोबाईल हाती देऊन आपण स्वयंपाकघरात अथवा दूरदर्शनसमोर निघून जाणे निराळे. या दुसऱ्या प्रकारास साहाय्य म्हणण्याचा जो प्रघात पडत चालला आहे, त्याविषयी माझी तक्रार आहे.

ज्या संस्थेचे नाव या क्षेत्रात जगभर सर्वप्रथम घेतले जाते त्या खान अकॅडमीचा उगम या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगा आहे. २००४ साली बोस्टन येथे नोकरीस असलेले सलमान खान हे न्यू ऑर्लिन्स येथील आपल्या नात्यातील बहिणीला, नादियाला, दूरध्वनीवरून व संगणकाच्या साहाय्याने गणित शिकवू लागले. तिचे घोडे एककांच्या रूपांतरापाशी अडले होते. पुढे इतर भावंडे आणि नात्यागोत्यातील मुले त्यात सामील झाली, प्रत्येकास स्वतंत्र वेळ देणे अशक्य झाले, म्हणून २००६ मध्ये ते पाठ चित्रफितींच्या रूपाने यूट्यूबवर ठेवले गेले आणि २००८ मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. भावंडांना प्रत्यक्ष शिकवणीपेक्षा चित्रफीतच अधिक आवडली, कारण ती थांबवता येते, तोच भाग संकोच न बाळगता पुन्हा ऐकता येतो, असे खान यांनी स्वतः सांगितले आहे, आणि त्यात निश्चितच तथ्य आहे. तथापि त्या चित्रफितींच्या पूर्वी, मुलीचे नेमके काय अडले आहे हे तिच्या तोंडून ऐकून घेणारे आणि उलट प्रश्न करणारे घरचेच एक माणूस होते, हा इतिहास आपण विसरतो. चित्रफीत आपल्या घरी आली. ते माणूस मात्र आपले आपणच पुरवावयाचे आहे.

त्या माणसाने विद्वान असण्याची मुळीच आवश्यकता नाही. सातवीनंतर शाळा सुटलेली आई भाकरी थापता थापता देखील मुलाला विचारू शकते की, "बाळा, नेमकं काय कळत नाही ते आधी मला सांग." हे सांगण्यासाठी मुलास स्वतःच्या अज्ञानाची हद्द आखावी लागते, कोणते विधान समजले, कोणत्या ओळीपाशी वाट चुकली, प्रश्नात दिलेले काय आणि विचारलेले काय, याची फोड करावी लागते, आणि अशी फोड केलेला प्रश्न निम्मा सुटलेला असतो, हा अनुभव शिकवणाऱ्या प्रत्येकास आहे. मग मोबाईल उघडावा. "१५ मजूर ८ दिवस" असे शोधणाऱ्या मुलास उत्तर मिळेल. "मजूर कमी झाल्यावर दिवस का वाढतात" असे शोधणाऱ्यास शिक्षण मिळेल. उत्तर मिळाल्यावर त्याच आईने "आता मला समजावून सांग, आणि मजूर तीसच असते तर काय झालं असतं तेही सांग," असा आग्रह धरावा. मुलगा अडखळला तर पुन्हा शोधावे. यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि ती द्यावीच लागतात.

शोधावे कोठे, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. माझे उत्तर पहिल्याने जुन्या ठिकाणाकडेच बोट दाखवील, ते म्हणजे पाठ्यपुस्तक. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके आज तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही गोष्ट कित्येक सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांच्या पालकांस तर याचा विशेष उपयोग आहे, कारण गणिताचे वा विज्ञानाचे तेच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत, त्याच प्रकरणांसह उपलब्ध असल्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी उघडून, वडिलांनी मराठीत वाचावे आणि मुलाने इंग्रजीत, अशी तजवीज सहज करता येते. ज्या पित्यास इंग्रजी पुस्तकापुढे मान खाली घालावी लागत होती तोच त्या संध्याकाळी मुलाचा सहाध्यायी होतो. पुस्तकावर छापलेला क्यूआर कोड दीक्षा या २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी व्यासपीठावरील पाठांकडे नेतो. त्यातील सर्वच पाठ सारख्या दर्जाचे नाहीत, परंतु निदान ते आपल्या अभ्यासक्रमाला धरून असतात आणि मध्येच भलत्या जाहिराती दाखवीत नाहीत.

पाठ्यपुस्तकाच्या पलीकडील माहिती हवी असेल तेव्हा, वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकारास आलेला आणि आता महाजालावर सर्वांना खुला असलेला मराठी विश्वकोश मुलास अवश्य उघडून दाखवावा. त्याच्या नोंदींची भाषा आठवीच्या मुलास जड जाईल हे मला मान्य आहे. ती सोबत बसून वाचावी. मला त्यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: नोंदीच्या अखेरीस ती लिहिणाऱ्याचे नाव दिलेले असते. हे कोण सांगत आहे, आणि चुकले तर जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मुलाच्या मनात रुजविण्यास त्या नावावर ठेवलेले एक बोट पुरे होते. तेथेच दुसराही पाठ देता येतो. १९७६ पासून खंडशः निघालेल्या या ग्रंथाचे आरंभीचे खंड आता जुने झाले आहेत. त्या काळच्या कोणत्याही पुस्तकात प्लूटो हा नववा ग्रह म्हणूनच आढळेल, कारण खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यास ग्रहमालिकेतून वगळले ते ऑगस्ट २००६ मध्ये. लिहिणारा कोण आणि लिहिले केव्हा, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय वहीत काही उतरवू नये, हा शिरस्ता एकदा अंगवळणी पडला की मुलगा पुढे वर्तमानपत्र वाचील, औषधाचा कागद वाचील, निवडणुकीचा जाहीरनामा वाचील, तोही याच दृष्टीने.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून या दोन्ही प्रश्नांना जणू रजा मिळाली आहे. विचारावे आणि घडीव, आत्मविश्वासाने भरलेल्या भाषेत उत्तर यावे. खाली नाव नाही, साल नाही, आणि ते कधीकधी धडधडीत चूकही असते. या साधनांवर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही, कारण योग्य रीतीने वापरल्यास तीही उपकारक होतात. "उत्तर सांगू नकोस, मला एकेक प्रश्न विचारून तिथवर ने," असे त्यांस सांगितले तर ती बहुधा तसे करतात. मात्र हे सांगण्याची बुद्धी तेराव्या वर्षी आपोआप सुचत नाही, ती वडीलधाऱ्यांनीच द्यावयाची असते. या साधनांनी दिलेले प्रत्येक सूत्र पुस्तकाशी ताडून पाहावे. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र अशा गोष्टी कोणत्याही साधनास देऊ नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे; परंतु न वाचताच संमतीचे बटण दाबणाऱ्या पालकाचे रक्षण कोणताही कायदा करू शकत नाही.

आता शाळांविषयी. जो गृहपाठ महाजालावरून जसाच्या तसा उतरवता येतो, तो देण्यातच काही तरी चुकले आहे. 'रायगडाविषयी माहिती लिहा व चित्रे चिकटवा' असे फर्मान निघाले की रात्री नऊ वाजता पालक झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लावतात, दुकानदार संगणकावरील पहिल्या पानाच्या प्रती काढून देतो, आणि वर्गातील निम्म्या मुलांच्या प्रकल्पात शब्दशः तोच मजकूर आणि तेच चित्र येते. मुलाने या सगळ्यात कात्री आणि डिंक यांपलीकडे कशास हात लावलेला नसतो. त्याऐवजी गडावर पाणी साठविण्याची व्यवस्था कशी होती आणि तुमच्या गावात पाणी कोठे साठविले जाते, याची तुलना करावयास सांगितले, तर महाजालावरून निम्मे उत्तर मिळेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी मुलास आजोबांना गाठावे लागेल, टाकीपर्यंत चालत जावे लागेल. शालेय अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने १९९३ सालीच आपल्या अहवालात प्राथमिक वर्गांना पाठ्यपुस्तकी गृहपाठ देऊ नये आणि जो द्यावयाचा तो मुलाच्या सभोवतालच्या शोधाशी जोडलेला असावा, असे सुचविले होते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीस आठवड्यास दोन तास, सहावी ते आठवीस दिवसास फार तर एक तास अशी मर्यादा घातलेली आहे. सत्तावीस वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन्ही शिफारशी आपल्या बहुसंख्य शाळांच्या दप्तरी जमा होऊन पडल्या आहेत, आणि मुलांच्या संध्याकाळी मात्र जशा होत्या तशाच आहेत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली पालकसभा भरते. तीत गणवेश आणि सहल यांच्या बरोबरीने याही विषयास अर्धा तास मिळावा. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने कोणत्या ठिकाणी शोधावे याची चार-पाच ओळींची यादी मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावी. आणि ज्या घरी एकच मोबाईल आहे आणि तोही रिक्षा चालविणाऱ्या वडिलांबरोबर रात्री साडेनऊला परततो, त्या घरच्या मुलास महाजालावाचून न होणारा गृहपाठ दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवावयास सांगू नये. त्यास दोन रात्रींची तरी मुदत मिळावी, म्हणजे बापलेकांना शेजारी बसून ते पान उघडावयास एक तरी संध्याकाळ सापडेल.