जागा ऐंशीच आहेत

(पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचल्याशिवाय खाली भांडायला येऊ नका.)

आमच्या गावच्या मुंबई मंडळाने यंदा शाळेसाठी ५० हजार रुपये जमवलेत. आधी त्यांचे आभार. ही चाकरमानी मंडळी परळ-लालबागच्या खोल्यांतून विरार-नालासोपाऱ्याला गेली, पण गाव सुटलं नाही त्यांचं. देवळाच्या सभामंडपाचे पत्रे, शाळेचा टीव्ही, पाण्याची टाकी, सगळं त्यांच्या वर्गणीतून झालेलं आहे.

पण या ५० हजारांचं काय करायचं याचा निरोप आला तो असा. तालुक्याच्या ठिकाणाहून एक 'नवोदय स्पेशल' क्लासवाला शनिवार-रविवार गावात आणायचा. पाचवीच्या मुलांना गाईडं आणि सराव प्रश्नपत्रिका घ्यायच्या. आणि जो लागेल त्याला गणपतीत सत्कार आणि ११ हजार रुपये बक्षीस. "आपल्या गावातला एक तरी पोरगा नवोदयला लागला पायजे."

माझा याला विरोध आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळींत तसं लिहिलं तर 'पोरांच्या प्रगतीला आडवा येणारा' अशी पदवी मिळाली. म्हणून आता इथे सविस्तर लिहितो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझी स्वतःची मुलगी यंदा पाचवीत आहे, तिचा फॉर्म भरलेला आहे, ती परीक्षेला बसणार आहे. त्यामुळे 'याला काय पडलंय' हा मुद्दा बाद. दुसरं, नवोदय ही चांगलीच गोष्ट आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या शाळा उभ्या राहिल्या. त्याआधी प्रयोग म्हणून पहिल्या दोन निघाल्या, त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार पोराला बापाच्या खिशाकडे न बघता सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण मिळावं हा विचार. आपल्या जिल्ह्याचं विद्यालय राजापूर तालुक्यात पडव्याला आहे. तिथे एखाद्या आंबा-काजूच्या बागेत मजुरी करणाऱ्याचं पोर लागलं तर त्या घराचं नशीब बदलतं, हे मला मान्य आहे.

आता हिशोब.

पडव्याला सहावीत जागा ऐंशी. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, म्हणजे साठ. या ऐंशी जागा पूर्ण रत्नागिरी जिल्ह्याच्या. मंडणगड ते राजापूर तालुके नऊ, म्हणजे तालुक्याला सरासरी नऊसुद्धा येत नाहीत. आणि जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा दोन हजारांहून जास्त. सगळ्या शाळांनी, सगळ्या शिक्षकांनी, सगळ्या क्लासवाल्यांनी रात्रंदिवस जीव काढला तरी निकालाच्या दिवशी लागणार किती? ऐंशी. कुणीच काही केलं नाही तर किती लागणार? ऐंशी!

हे एवढं साधं गणित आपण पाचवीच्या पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरतो. इथे आपल्या पोरांची स्पर्धा पुण्या-मुंबईशी नाहीच. परीक्षा जिल्ह्यापुरती आहे. फॉर्म भरणारं पोर याच जिल्ह्यात पाचवीत शिकणारं असावं लागतं. त्यामुळे लांज्यात क्लास निघाला की संगमेश्वरचं पोर मागे पडतं, संगमेश्वरात निघाला की गुहागरचं. जिल्ह्याचा एकूण फायदा शून्य. रांगेत कोण पुढे उभा राहणार एवढंच बदलतं, आणि पुढे जातो तो ज्याच्याकडे क्लासला द्यायला पैसे आहेत तो. ज्या गरीब पोरासाठी ही शाळा काढली त्यालाच आपण वर्गणी काढून मागे ढकलतोय. पुढच्या गावच्या मंडळाने ७० हजार जमवले की मग आपण काय करणार? लाखाची वर्गणी काढणार?

'आपल्या गावचा लागला म्हणजे झालं, बाकीच्यांचं आम्हाला काय' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मग आपल्याच गावचं बघू.

आमच्या शाळेचा पट १७. पहिली ते पाचवी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. आमच्याकडे दुसरे गुरुजी आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावाकडे गेले, ती जागा रिकामी. त्यांना दोष देत नाही, घरापासून पाचशे किलोमीटरवर कोण किती वर्षं राहणार? पण राहिल्या एकट्या बाई. पाच वर्ग, एक बाई. वरून पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, आज हा फोटो अपलोड करा, उद्या तो अहवाल पाठवा, मतदार याद्या. केंद्रावर मीटिंग असली की त्या दिवशी शाळा अंगणवाडीच्या ताईंच्या नजरेखाली.

या १७ मधली तीन मुलं पाचवीत आहेत. तीन! आणि जूनपासून गावातला प्रत्येक माणूस बाईंना एकच विचारतो, "बाई, नवोदयचं काय?" शाळेला भेट द्यायला येणाराही तेच विचारतो, यंदा नवोदयला किती बसवले, शिष्यवृत्तीला किती. तिसरीतल्या पोरांना वाचता येतं का, हे कुणी विचारलेलं मी शाळा व्यवस्थापन समितीत आल्यापासून ऐकलेलं नाही. बाईसुद्धा माणूसच आहेत. जे विचारलं जातं तेच त्या करणार. दुपारचा चांगला दीड तास गाईड उघडून पाचवीच्या तिघांबरोबर जातो. बाकीचे चौदा 'पाठ वाचा, शुद्धलेखन काढा' यावर. त्या चौदांपैकी निम्म्यांना पाठ वाचताच येत नाही तर ते काय वाचणार? माझं ऐकून नका बसू, शाळेत या आणि तिसरी-चौथीच्या पोरांपुढे दुसरीचं बालभारती उघडून ठेवा. हे फक्त आमच्याच शाळेत नाही. असरचे अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगतायत, ग्रामीण महाराष्ट्रात पाचवीत गेलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर धड वाचता येत नाही.

आता गंमत बघा. नवोदयचा पेपर असतो कसा? प्रश्नही ऐंशीच, मार्क शंभर, वेळ दोन तास. चाळीस प्रश्न बुद्धिमत्तेचे, पन्नास मार्कांचे, सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, कागद दुमडून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसा दिसेल. वीस प्रश्न गणिताचे. आणि वीस भाषेचे, चार उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न.

आकृत्यांचा भाग ठेवला तो कशाला? ज्या पोराच्या घरी पुस्तक नाही, ज्याची शाळा बेताची आहे, त्याची उपजत चमक दिसावी म्हणून. शिकवलेलं मोजायचंच नव्हतं तिथे. आणि आपण नेमकं तेच शिकवायला माणूस आणतोय! दुमडलेल्या कागदाची भोकं मोजायचा सराव सहा महिने केला की मार्क वाढतात, नक्की वाढतात. पण त्या पोराला त्याचा पुढे जन्मात कुठे उपयोग? तो नाही लागला (तिघांतले बहुतेक तिघंही नाही लागणार, वर हिशोब दिलाय) तर सहावीत जाताना त्याच्या हातात काय राहिलं? उलट उताऱ्यांचे २५ मार्क बघा. ते गाईडाने येत नाहीत, पहिलीपासून वाचून येतात. गणिताचे २५ही तसेच. म्हणजे नुसत्या नवोदयच्या दृष्टीने बघितलं तरी अर्धे मार्क नीट शिकवण्याचे आहेत, आणि ते शिकवणं पहिलीच्या पोराला आणि पाचवीच्या पोराला सारखंच उपयोगी आहे. क्लासवाला ते शिकवणार नाही. त्याला तेवढा वेळच नाही, त्याला डिसेंबर-जानेवारीत परीक्षा दिसतेय.

आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दहा वर्षांच्या पोराला गावभर 'हा आमचा नवोदयवाला' म्हणून मिरवायचं आणि निकालानंतर त्याच्याकडे बघून उसासा टाकायचा, हे आपण दरवर्षी करतो. ११ हजारांच्या बक्षिसाने तो उसासा आणखी मोठा होईल.

परीक्षेचं वेड आपल्या कोकणाला जुनंच आहे म्हणा. महर्षी कर्वे मुलगे असताना, १८७५ च्या सुमारास, मुरुडहून साताऱ्याला चालत गेले सहावीची परीक्षा द्यायला. घाट चढून, दिवसचे दिवस. तिथे साहेब लोकांनी बघितलं आणि हा फार लहान दिसतो म्हणून बसूच दिलं नाही. परत या चालत! ही गोष्ट आपण भाषणात जिद्दीची म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. कर्व्यांना घडवलं ते मुरुडच्या सोमण मास्तरांनी. परीक्षेने तर त्यांना दारातून हाकललं होतं. गावातल्या शाळेत एक चांगला मास्तर होता, हे त्या गोष्टीतलं खरं भांडवल. आज आमच्या गावात ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आम्ही गाईडाला जुंपलंय.

निकालाच्या बाबतीत आपण असेही आंधळे आहोत. कोकण बोर्ड, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दहावीला २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२ टक्के, दोन्ही वेळा राज्यात पहिलं. पेढे वाटले, बॅनर लागले. छान झालं, पोरांचं कौतुक आहेच. पण त्याच जूनमध्ये ज्याला परवडतं तो आपलं पोर उचलून कोल्हापूरला, पुण्याला, लातूरला नीटच्या क्लासला टाकतो. ९९ टक्क्यांवर एवढा विश्वास असता तर टाकला असता का? आणि नवोदयचंही बघा. जिल्ह्यातून चाळून घेतलेली मुलं, निवासी शाळा, संध्याकाळीही शिक्षक आवारातच. तरी जेईई-नीटसाठी निवडक नवोदयांतल्या मुलांना वेगळं प्रशिक्षण द्यायला 'दक्षणा'सारखी संस्था यावी लागते. संस्था काम चांगलं करते, तक्रार नाही. पण शाळा कितीही निवडक असो, प्रत्येक चाळणीच्या आधी वेगळी तयारी लागायचीच. या शर्यतीला टोक नाही. पाचवीत सुरू केली की बारावीपर्यंत दम घ्यायला मिळत नाही.

आणखी एक. नवोदय काढताना नुसती हुशार पोरं वेचायची असं ठरलेलं नव्हतं. जिल्ह्यातल्या इतर शाळांचा दर्जा वाढवायला या शाळेने आपले अनुभव, आपल्या सोयी आजूबाजूला वाटाव्यात, हाही लिहिलेला उद्देश आहे. किती लागले हे विचारणारे हजार भेटतात, हे दुसरं विचारणारा मला एक भेटलेला नाही.

ग्रुपवरचे दोन-तीन आक्षेप आलेत त्याचंही बोलतो. 'शिक्षक देणं सरकारचं काम, आपण का पैसे घालायचे?' सोळा आणे खरं. मग क्लासवाला देणं कुणाचं काम आहे? पैसे घालायचे हे तर मंडळाने ठरवलंच आहे, प्रश्न कशावर घालायचे एवढाच आहे. रिकाम्या जागेसाठी जिल्हा परिषदेत अर्ज, निवेदन, उपोषण जे काय ते चालूच ठेवायचं. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून लहान शाळांच्या गळ्याशी आलंय, आपण गप्प बसलो तर आहे तीही जागा जाईल. दुसरा आक्षेप, 'तुझी पोरगी हुशार आहे, तिला क्लास नको, आमच्या पोरांना हवा.' काका, माझ्या पोरीला वाचता येतं कारण ती दुसरीत असताना शाळेत दोन शिक्षक होते. आज दुसरीत असलेल्या तुमच्या नातवाला ते नाहीत. तुमच्या नातवाचंच मांडतोय मी.

येत्या रविवारी सकाळी दहाला देवळात सभा आहे. मी ठराव लिहून आणतोय. पलीकडच्या वाडीत डीएड झालेली मुलगी घरी बसून आहे. तिला महिना पाच हजार मानधनावर दहा महिने शाळेत घ्यायचं, समितीच्या परवानगीने, बाईंच्या हाताखाली. ५० हजार बरोबर पुरतात. तिने पहिली ते तिसरी धरायची, रोज तासभर नुसतं वाचन. बाईंना चौथी-पाचवी मोकळी मिळेल, त्यात नवोदयची ओळख व्हायची ती होईल. बक्षीस ठेवायचंच असेल तर मार्चअखेर शाळेतलं प्रत्येक मूल आपापल्या इयत्तेचं पुस्तक अडखळल्याशिवाय वाचेल त्या दिवशी सतराही पोरांना एकेक गोष्टीचं पुस्तक द्या. दोन हजारांत होईल, ते मी देतो.

मुंबईकरांसाठी फोन स्पीकरवर ठेवू. देवळात रेंज नसली तर पारावर बसू.